नगरसेवकाची तक्रार मागे घेता येऊ नये

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने एखाद्या नगरसेवकाला पकडले की बातमीत रक्कम येते, सापळ्याची जागा येते, पक्षाचे नाव येते. लाच कशासाठी मागितली होती, हे मात्र एका ओळीत उरकलेले असते: ‘अनधिकृत बांधकामावर कारवाई न करण्यासाठी.’ वाचणाऱ्याने या ओळीपाशी थांबायला हवे. कारण मुंबईच्या नगरसेवकाला बांधकामावर कारवाई करण्याचा अधिकारच नाही. नोटीस काढतो वॉर्ड ऑफिसच्या इमारत व कारखाने विभागातला पदनिर्देशित अधिकारी. तोडकामाची तारीख, पोलीस बंदोबस्त, जेसीबी, मजूर हे सगळे प्रशासनाच्या हातात असते. मग जी गोष्ट आपल्या हातात नाही ती न करण्याचे पैसे नगरसेवकाला मिळतात कसे?

त्याच्या हातात तक्रार असते म्हणून. नगरसेवकाच्या लेटरहेडवर गेलेले पत्र वॉर्ड ऑफिसला सामान्य अर्जासारखे बाजूला टाकता येत नाही. प्रभाग समितीत त्यावर प्रश्न येईल, सभागृहात हरकतीचा मुद्दा येईल, ही धास्ती असते. आणि तेच पत्र ‘माझे समाधान झाले आहे’ एवढ्या एका ओळीने, बऱ्याचदा तेवढेही न लिहिता नुसत्या फोनवर, थंड करता येते. पत्र लिहिणे आणि ते थंड करणे यांच्यामधल्या काही दिवसांत सगळा व्यवहार बसतो. म्हणून मागणी सरळ आहे. नगरसेवकाची तक्रार एकदा नोंदली गेली की ती मागे घेता येऊ नये, आणि समितीत प्रस्ताव अडवणाऱ्याचे नाव व कारण इतिवृत्तात आलेच पाहिजे. एवढे होत नाही तोवर सापळे लावून आपण माणसे बदलत राहू, धंदा तसाच राहील.

ही माणसे मुळात भ्रष्ट म्हणून राजकारणात येतात, हे खरे नाही. बहुतेकांची सुरुवात कामाने होते. चाळीत पाणी आले नाही तर टँकर आणणे, सायन किंवा केईएममध्ये खाट मिळवून देणे, शाळेतला प्रवेश, रेशनकार्ड, रात्री-अपरात्री मयताच्या सामानाची सोय. दहा-पंधरा वर्षे हे केलेल्या माणसाला विभागातले प्रत्येक घर नावानिशी माहीत असते, आणि तिकीट मिळते ते त्याच ओळखीवर. निवडून आल्यावर मात्र हिशेब बदलतो. २०१७ मध्ये मुंबईच्या नगरसेवकाचे मानधन दरमहा २५,००० रुपये झाले. पाच वर्षांचे ६० महिने धरले तर १५ लाख. २०२६ च्या निवडणुकीत मुंबईतल्या उमेदवाराची अधिकृत खर्चमर्यादाही १५ लाखच होती. म्हणजे कागदावरचा खर्च खरा मानला, तरी पाच वर्षांचे सगळे मानधन एका निवडणुकीत संपते. त्यावर जनसंपर्क कार्यालयाचे भाडे, तिथे बसणाऱ्या दोन मुलांचे पगार, रुग्णवाहिकेचे डिझेल, जूनमधले वह्यावाटप, गणपती, दहीहंडी, नवरात्र. आणि कागदावरचा खर्च खरा नसतो, हे निवडणूक लढवलेला प्रत्येक जण जाणतो.

त्यात आरक्षणाची सोडत. प्रभागांचे आरक्षण दर निवडणुकीला फिरते. त्यामागचा हेतू न्याय्यच आहे. २०१२ पासून मुंबईत निम्म्या जागांवर महिला निवडून येऊ लागल्या, हे आरक्षणानेच साधले. पण पुढच्या वेळी हा प्रभाग आपल्याकडे राहील याची खात्री नसलेला माणूस ‘जे काय करायचे ते याच पाच वर्षांत’ असा विचार करतो. प्रभाग महिलांसाठी राखीव झाला की पत्नी उभी राहते आणि कार्यालयात साहेबच बसतात. अशा ठिकाणी कायद्याच्या नजरेत पैसे मागणारा आणि पदावर असणारी या दोन वेगळ्या व्यक्ती असतात. खटल्यात त्याचा फायदा कोणाला मिळतो हे सांगायला नको.

पहिला पैसा येतो निधीतून. गेल्या सभागृहात एका नगरसेवकाला वर्षाला ६० लाखांचा नगरसेवक निधी आणि १ कोटीचा प्रभाग विकास निधी असा मेळ होता. काम नगरसेवक सुचवतो, अंदाजपत्रक परिरक्षण खात्याचा दुय्यम अभियंता बनवतो, काम कंत्राटदार करतो. पेव्हर ब्लॉक, गटारावरची झाकणे, चाळीतल्या लाद्या, समाजमंदिराची शेड हीच कामे पुन्हा पुन्हा का निघतात, याचे उत्तर त्यांच्या स्वरूपात आहे. ती लवकर होतात, डोळ्यांना दिसतात आणि नंतर मोजायला अवघड जातात. अंदाजपत्रकात ८० मिलीमीटरचा ब्लॉक असतो आणि ६०चा बसतो. खालचा वाळूचा थर अर्धाच पडतो. चांगले ब्लॉक उचलून तेच परत बसवतात आणि मोजमाप पुस्तिकेत नवे चढतात. एकदा बसवलेला ब्लॉक उचलून जाडी पाहायला कोणी जात नाही. पहिल्या पावसात पदपथ खचतो, तेव्हा ‘खालून पाण्याची लाइन गेली आहे’ हे उत्तर तयार असते. काम मोठे असेल तर ई-निविदेची मर्यादा चुकवण्यासाठी त्याचे तुकडे पाडले जातात: एकाच गल्लीचा ‘भाग अ’, ‘भाग ब’, ‘भाग क’. आणि ई-निविदा म्हणजे पारदर्शकता, हेही आपोआप होत नाही. मुंबई महापालिकेत २०१४ मध्ये बाहेर आलेल्या प्रकरणात काही कामांसाठी निविदा भरण्याची ऑनलाइन खिडकी रात्री उशिरा, थोड्याच वेळासाठी उघडली गेल्याचे आढळले होते. कधी उघडणार हे ज्याला ठाऊक, तोच जागा.

निधीतला टक्का मात्र ठरलेला आणि मर्यादित असतो. खरी कमाई तक्रारीत आहे, आणि तिची रीत नीट पाहण्यासारखी आहे.

झोपडपट्टीत कोणी घरावर वरचा मजला चढवायला घेतो. चौदा फुटांच्या मर्यादेवर जायचे असते, म्हणून काम दुरुस्तीच्या नावाने, ताडपत्री लावून, शनिवार-रविवारी चालते. विटा-रेती गल्लीच्या तोंडाशी पडली की नगरसेवकाच्या माणसाला तासाभरात कळते. दोन दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्र जाते. पत्रात घरमालकाचे नाव, खोली क्रमांक, मोबाइलवर काढलेला फोटो. काम चालू असेल तर महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५४-अ खाली काम थांबवण्याची नोटीस निघते आणि परवानगी दाखवायला २४ तास मिळतात. काम झालेले असेल तर कलम ३५१ ची नोटीस, उत्तराला सात दिवस. नोटिशीची प्रत हातात पडते त्या दिवशी घरमालक वॉर्ड ऑफिसला जात नाही, तो जनसंपर्क कार्यालयात जातो. तिथे त्याला कोणी धमकावत नाही. ‘बघू, साहेबांशी बोलतो’ एवढेच ऐकू येते. आकडा नंतर, दुसऱ्याच माणसाकडून कळतो. गल्लीत तो हजारांत असतो, चाळीच्या पुनर्विकासात पेटीत (लाखांत) आणि टॉवरच्या कामात खोक्यात (कोटींत). मांडवली झाली की फाइलवर ‘कागदपत्रांची छाननी सुरू’ असा शेरा पडतो. पाडकामाचा दिवस ठरतो, मग बंदोबस्त मिळत नाही. दोन महिन्यांत मजल्याला रंग लागतो.

इथे कोणी खोटी तक्रार केलेली नसते, हा यातला सगळ्यांत त्रासदायक भाग. बांधकाम खरोखरच अनधिकृत असते आणि नगरसेवकाने लिहिलेला प्रत्येक शब्द खरा असतो. गुन्हा पत्रात नसतो, पत्रानंतरच्या शांततेत असतो. महानगरपालिका कायद्यात नगरसेवकाच्या अपात्रतेची कडक तरतूद आहे: स्वतः अनधिकृत बांधकाम करणारा, त्याला मदत करणारा किंवा पाडकामात अडथळा आणणारा अपात्र ठरतो. पण ज्याने आधी तक्रार केली आणि मग तिचा पाठपुरावा सोडला, त्याने अडथळा आणला असे म्हणता येत नाही. कायद्याने दार बंद केले, पण ज्या खिडकीतून ये-जा चालते ती उघडीच राहिली.

या शांततेची किंमत कोण भरतो हे ठाण्याजवळच्या शीळ-डायघरने दाखवले. ४ एप्रिल २०१३ रोजी तिथली, काही महिन्यांत उभी केलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. अटक झालेल्यांत बिल्डर होते, पालिकेचे अधिकारी होते, पोलीस होते आणि एक नगरसेवकही होता. सात मजले चढत असताना ते कोणालाच दिसले नव्हते, यावर विश्वास कसा ठेवायचा?

समित्यांमध्ये हेच तंत्र मोठ्या आकड्यांनी चालते. स्थायी समितीत २७ सदस्य, दरवर्षी निम्मे निवृत्त होतात, आणि ठराविक रकमेच्या वरची कंत्राटे तिच्या मंजुरीशिवाय होत नाहीत. आज महापालिकेचा अर्थसंकल्प ७० हजार कोटींच्या पुढे गेला आहे (२०२५-२६ साठी ७४,४२७ कोटी), तेव्हा या टेबलावरून काय जाते याची कल्पना यावी. प्रस्ताव फेटाळायची गरजच पडत नाही. ‘माहिती अपुरी आहे’ म्हणून तो राखून ठेवला, की कंत्राटदाराची बँक हमी, यंत्रे, पावसाळ्यापूर्वीची मुदत सगळे लटकते. पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या बैठकीत तोच प्रस्ताव, त्याच अपुऱ्या माहितीसह, एका मिनिटात मंजूर होतो. दोन बैठकांच्या मधे काय बदलले, हे इतिवृत्तात कधीच सापडत नाही.

जमिनी आणि आरक्षणांचे प्रस्ताव जिच्यापुढे येतात त्या सुधार समितीत तर नुसता वेळ काढला तरी भागते. उद्यान, शाळा, दवाखाना यांसाठी राखीव असलेला खाजगी भूखंड दहा वर्षांत संपादित झाला नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार मालक खरेदी सूचना, म्हणजे ‘जमीन घ्या नाहीतर सोडा’ अशी नोटीस, देऊ शकतो. मग ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले उचलावी लागतात. ही मुदत आधी सहा महिने होती, पुढे बारा झाली, आता २४ महिने आहे. ती टळली की आरक्षण संपते आणि जमीन मोकळी होते. खरेदी सूचनेचा प्रस्ताव एकदा परत पाठवला, एकदा स्थळपाहणीसाठी ठेवला, एकदा निधी नाही म्हणून दप्तरी दाखल केला, की काम झाले. कोणाच्याही सहीने मैदान विकले जात नाही. विभागातल्या मुलांचे मैदान फक्त उरत नाही. मुंबईत मोकळ्या जागेचा एकेक गुंठा किती मोलाचा आहे हे ज्यांना कळते, त्यांनी रस्त्यावरच्या खड्ड्याइतकाच राग याचाही करायला हवा.

आता सापळ्याकडे येऊ. तक्रारदार लाचलुचपत विभागाच्या वरळीच्या कार्यालयात जातो किंवा १०६४ वर फोन करतो. आधी मागणीची पडताळणी होते: त्याच्याकडे व्हॉइस रेकॉर्डर देऊन, दुसऱ्या सरकारी खात्यातल्या पंचासह, संशयिताकडे पाठवतात. मागणी नोंदली गेली तर नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहिले जातात आणि नोटांना अँथ्रासीनची पूड लावतात. नोटा स्वीकारल्याचा इशारा मिळाला की पथक आत शिरते. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बोटे, खिसा, ड्रॉवर निळसर चमकतात. पद्धत चोख आहे. पण ती पैसे हातात घेणाऱ्याची बोटे पकडते, आणि अनुभवी नगरसेवक पैशाला हात लावत नाही. पैसे भाच्याच्या मोबाइलच्या दुकानात पोचतात, कार्यकर्त्याच्या डिकीत जातात. मग त्या कार्यकर्त्यापासून नगरसेवकापर्यंतचा दुवा जोडायला रेकॉर्डिंग लागते, कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा आवाजाचा अहवाल लागतो, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र लागते. यातला एक कागद चुकला की खटला लंगडा.

कायदा या बाबतीत हळूहळू सुधारला, हे मान्य करायला हवे. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात नगरसेवक हा भारतीय दंड संहितेच्या व्याख्येतला लोकसेवक नाही, असे म्हटले होते. २०१३ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा नगरपरिषदेच्या नगरसेवकाच्या खटल्यात मात्र १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली तो लोकसेवकच आहे, असा निर्वाळा मिळाला. डिसेंबर २०२२ मध्ये घटनापीठाने सांगितले की तक्रारदार मेला किंवा उलटला तरी लाचेची मागणी परिस्थितिजन्य पुराव्याने सिद्ध करता येते. चाळीतला तक्रारदार साक्षीच्या वेळी का उलटतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या निकालाचे मोल कळेल. त्याला पुढची वीस वर्षे त्याच गल्लीत राहायचे असते.

पण २०१८ च्या दुरुस्तीने दोन गोष्टी अवघड झाल्या. कलम १७-अ आले: अधिकारपदावरून घेतलेल्या निर्णयाची किंवा केलेल्या शिफारशीची चौकशी करायची तर आधी परवानगी हवी. जागेवर लाच घेताना पकडले तर ती लागत नाही. परिणाम असा की गल्लीतल्या वरच्या मजल्याची लाच सापळ्यात सापडते आणि समितीत राखून ठेवलेल्या प्रस्तावाची चौकशी परवानगीच्या टेबलावर अडते. दुसरी गोष्ट कलम ८ ची. नाइलाजाने लाच दिलेल्याने सात दिवसांत कळवले तरच तो सुटतो. ज्या बिल्डरने पाच वेळा मुकाट दिले आणि सहाव्यांदा त्याचा तोल सुटला, तो तक्रारीला येताना स्वतःच्याही अटकेचा विचार करतो. आला तरी पहिल्या पाच वेळांविषयी तो कधीच बोलणार नाही.

त्यात काळ. जळगाव घरकुल प्रकरणात योजना १९९० च्या दशकातली, महापालिका आयुक्तांनी फिर्याद दिली २००६ मध्ये, आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी धरले ३१ ऑगस्ट २०१९ रोजी. त्यांत सुरेश जैन आणि गुलाबराव देवकर हे माजी मंत्री होते, आजी-माजी नगरसेवक होते. फिर्यादीपासून निकालापर्यंत तेरा वर्षे. तेरा वर्षांत दोन सभागृहे येऊन जातात. नुसत्या आरोपाने कोणी अपात्र ठरत नाही, त्यासाठी शिक्षा लागते. म्हणून अटक झालेला नगरसेवक जामिनावर सुटून हार घालून घेतो, आणि पुढच्या वेळी तो नसला तर त्याच्या घरातले कोणी असते.

नगरसेवकच नकोत, असा एक सूर मधल्या काळात ऐकू आला. ७ मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली आणि १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत मुंबईचा कारभार प्रशासकाने चालवला. तेव्हा काय झाले? विभागातला निधी पालकमंत्र्यांच्या मार्फत, आमदारांच्या मागणीवरून वाटला जाऊ लागला. स्थायी समितीचे अधिकार प्रशासकाकडे गेले, म्हणजे ज्याने प्रस्ताव मांडायचा त्यानेच तो मंजूर करायचा. गटार तुंबले तर कोणाच्या दारात जायचे, हे लोकांना कळेना. आणि प्रशासन धुतल्या तांदळासारखे आहे असेही नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात आलेल्या अहवालात निविदा न काढता दिलेली २१४ कोटींची २० कामे आणि करारनामाच न केलेली ४,७५५ कोटींची ६४ कामे नोंदली आहेत. मे २०२५ मध्ये मिठी नदीच्या गाळउपशात ६५ कोटींच्या नुकसानीचा गुन्हा नोंदला गेला, तो कंत्राटदार, मध्यस्थ आणि पालिकेच्या अभियंत्यांवर. अभियंत्याच्या संमतीशिवाय नगरसेवकाची तक्रारही विकली जात नाही. फाइलवरचा शेरा त्याच्याच हस्ताक्षरात असतो. तेव्हा नगरसेवक हटवणे हा उपाय नाही. त्याचा आणि अभियंत्याचा मधला बोळ बंद करणे, हा आहे.

तो कसा बंद करायचा? नगरसेवकाचे प्रत्येक पत्र वॉर्ड ऑफिसात आवक क्रमांकासह नोंदले जावे आणि त्याच दिवशी पालिकेच्या संकेतस्थळावर दिसावे: कोणत्या जागेबद्दल, कोणत्या कलमाखाली, कोणत्या अभियंत्याकडे. त्यानंतर ती तक्रार नगरसेवकाची राहत नाही, पालिकेची होते. ती बंद करायची तर अभियंत्याने स्थळपाहणीचा तारखेसह फोटो आणि लेखी कारण द्यावे. ‘तक्रारदाराचे समाधान झाले’ हे कारण ग्राह्य धरू नये. नगरसेवकाने फोनवरून काही सांगितले तर तेही फाइलवर, नाव आणि वेळेसह. बंदोबस्त मिळाला नाही म्हणून पाडकाम टळले, तर पोलिसांना मागणी केव्हा पाठवली आणि उत्तर काय आले, हे जोडलेले हवे. खरेदी सूचनांची यादी, प्रत्येकीपुढे मुदत संपायला किती दिवस उरले हे दाखवत, जाहीर असावी. समितीत प्रस्ताव राखून ठेवायचा तर कोणी मागणी केली, कोणती माहिती हवी होती आणि पुढच्या बैठकीत ती मिळाली का, या तीन गोष्टी इतिवृत्तात याव्यात.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. तक्रार मागे घेता येत नसेल तर नगरसेवक तक्रार करणेच सोडतील. पैशासाठी तक्रार करणारे सोडतील, हे खरे. पण ज्याच्या प्रभागात खरोखर बेकायदा इमारत चढते आहे आणि ज्याला उद्या त्या ढिगाऱ्यापुढे उभे राहायचे नाही, त्याला हीच नोंद ढालीसारखी उपयोगी पडेल. आज प्रामाणिक नगरसेवकाची सगळ्यांत मोठी अडचण हीच आहे, की त्याने कितीही खरे पत्र दिले तरी ‘आता किती मागतो बघू’ असेच लोक म्हणतात. आपण तोडपाणी केले नाही हे त्याला कागदावर दाखवताच येत नाही.

यातल्या बहुतेक गोष्टींसाठी कायदा बदलावा लागत नाही. तक्रारींचे जलद निवारण हे प्रभाग समितीचे काम म्हणून कायद्यातच लिहिलेले आहे, आणि या समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमण्याची तरतूदही त्यात आहे. त्या तीन खुर्च्या भराव्यात. आवक पत्रांची यादी समितीच्या प्रत्येक बैठकीत या प्रतिनिधींसमोर वाचली जावी, बंद झालेल्या तक्रारींच्या कारणांसकट. पत्रे ऑनलाइन टाकायला आयुक्तांचे एक परिपत्रक पुरते. इतिवृत्ताचा नियम स्थायी आणि सुधार समितीला स्वतःच्या पहिल्या काही बैठकांत ठराव करून घालून घेता येतो. नवे सभागृह चार वर्षांच्या खंडानंतर आले आहे, २२७ जणांतल्या अनेकांची ही पहिलीच खेप आहे, आणि जनसंपर्क कार्यालयातल्या दुसऱ्या माणसाची सवय त्यांना अजून लागलेली नाही. हा ठराव मांडायचा तर याच वर्षी.